सातवी ओळ

मुक्ता गेल्याचं मला शिरूरमध्ये कळलं, एका गुरुवारी संध्याकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी. ती का वाचली नाही, हे कळायला आणखी दोन दिवस लागले.

त्या दिवशी शिरूरला आमचं प्रशिक्षण होतं. आजूबाजूच्या तालुक्यांतले कारकून एका सभागृहात बसवले होते आणि पुण्याहून आलेले एक गृहस्थ पडद्यावर दाखवत होते की सरकारी खात्याची माहिती सामान्य माणसाला घरबसल्या कशी सापडली पाहिजे. कुठला दाखला कुठं मिळतो, साहेब कुठल्या वारी भेटतात, दवाखाना किती वाजता उघडतो, हे विचारायला माणसाला एसटीचा हेलपाटा पडता कामा नये, असं ते म्हणत होते. मला ते पटत होतं. मी वहीत लिहूनही घेत होतो. दारात एक ट्रे ठेवला होता, त्यात सगळ्यांनी आवाज बंद करून मोबाईल ठेवायचे असं ठरलं होतं. ट्रे चहाच्या कपांचा होता आणि ओला होता, म्हणून मी माझा मोबाईल रुमालात गुंडाळून ठेवला. हे मला पुन्हा पुन्हा आठवतं, कारण तो रुमालात नसता तर थरथरताना निदान कुणाला तरी दिसला असता. सहाला सगळं उरकलं. मोबाईल घेतला, रुमाल खिशात घातला आणि बघतो तर रविराजचे नऊ फोन, ज्ञानदेवचे चार, आणि सगळ्यांत आधी, तीन वाजून एक्केचाळीस मिनिटांनी आलेला मुक्ताचा एक. मी पहिला तिलाच लावला. उचलला ज्ञानदेवनं. ज्ञानदेव आमचा शेजारी, भावकीतला, त्याच्याकडं पिकअप गाडी आहे. तो म्हणाला, "दादा, गाडीवर हायेस का?" मी म्हणालो, "न्हाई, शिरूरातच हाय. मुक्ताचा फोन तुझ्याकडं कसा?" तो म्हणाला, "मंग आधी कुठंतरी बस." मी बसलो नाही. मग तो म्हणाला, "वहिनी गेल्या. लांबडं डसलं. दौंडाला दवाखान्यात हाय आमी." माझ्या आजूबाजूला लोक आपापले मोबाईल ओळखून उचलत होते. एकजण म्हणाला, "पोपटराव, चहा घेणार ना?" मी हो म्हणालो. का म्हणालो माहीत नाही. हो म्हणून मी जिना उतरलो आणि गाडीला किक मारली.

शिरूरहून न्हावऱ्यावरून चौफुल्याला आणि तिथून पाटसवरून दौंडला मी मोटरसायकलवर गेलो. त्या वाटेवर माणसाला काय काय आठवायला पाहिजे. मला आठवत होतं ते कुकरचं रबर. सकाळी निघताना ती म्हणाली होती, "अहो, शिरूरला चाललाय तर कुकरचं रबर आना. पाच लिटरचं. तीन लिटरचं आनाल आन् मग म्हनाल तू सांगितलं न्हाई." जेवणाच्या सुट्टीत मी ते आणलं होतं. पाच लिटरचंच. ते हँडलला अडकवलेल्या पिशवीत होतं आणि प्रत्येक खड्ड्याला पिशवी माझ्या गुडघ्यावर आपटत होती. भीमेच्या पुलावर उसाचे ट्रॅक्टर लागले होते, पुढं जायला जागा नव्हती, आणि मी ट्रॉलीच्या मागं पाय टेकून उभा होतो तेव्हा मनात आलं, की बरोबर माप आणलं हे तिला सांगायचं राहिलं. तोपर्यंत ज्ञानदेवचं वाक्य माझ्या कानातच होतं, आत उतरलं नव्हतं.

दवाखान्यात ती व्हरांड्याच्या टोकाच्या खोलीत होती. उजवा पाय मांडीपर्यंत सुजून काळानिळा पडला होता आणि पायात एकच जोडवं होतं. दुसरं सुजेमुळं कापून काढलं असावं. हिरड्यांतून आलेलं रक्त कुणीतरी पुसलं होतं, पण नीट पुसलं नव्हतं. डॉक्टर तरुण होते. म्हणाले, घोणस असणार, लस लगेच सुरू केली होती, आणि मग म्हणाले, "तासभर आधी आल्या असत्या तर." वाक्य त्यांनी तिथंच सोडलं. रविराज भिंतीला पाठ लावून उभा होता. माझा मुलगा, चोवीस वर्षांचा. कोरेगाव भीमाला कंपनीत मशीनवर आहे, तिथंच खोली घेऊन राहतो आणि गुरुवारी सुट्टीला घरी येतो. त्याच्या हातात मोबाईल होता, पडदा चालू होता, पण तो त्याच्याकडं बघत नव्हता. मी जवळ गेलो तर म्हणाला, "आबा, तुम्ही फोन उचलला न्हाई." रागानं नाही म्हणाला. वेळ सांगावी तसं म्हणाला.

शनिवारी सकाळी सावडायला गेलो. आमच्याकडं राख सावडून झाली की माणसं थोडा वेळ तिथंच बसतात आणि ज्यानं जे पाहिलं ते सांगतो. कुणाला दोष द्यायचा म्हणून नाही. गेलेलं माणूस शेवटचं कसं होतं ते सगळ्यांना कळावं म्हणून. ज्ञानदेव सांगायला लागला. शेळ्यांना घास कापायला वहिनी बांधावर गेल्या, सव्वातीनच्या सुमाराला ओरडल्या, मी आणि रविराज पळालो, पाय फडक्यानं बांधला, गाडीत पुढच्या शिटावर बसवलं. "मी म्हनलं, सरळ दौंडाला घालतो गाडी. अर्ध्या तासात पोचवतो. तर ह्यो म्हनला, नको काका, उंबरमळ्याच्या केंद्रात लस हाय, दहा मिनिटांत जाऊ, मोबाईलवर लिवलंय. शिकल्यालं पोरगं. मी काय बोलणार?" उंबरमळा आमच्या वस्तीपासून आडबाजूला आहे, दौंडच्या उलट्या दिशेला. तिथं लस नव्हती. तिथं अर्धा तास गेला, आणि मग पुन्हा उलटं येऊन दौंड. बसलेल्या माणसांनी रविराजकडं बघितलं नाही, आणि बघितलं नाही हेच त्याला दिसलं. तो उठला, मोबाईल काढला, त्यावर बोटानं काहीतरी उघडलं आणि माझ्यासमोर धरला. "आबा, ह्ये बघा. मी मनानं न्हाई बोललो. आई म्हनली, ह्यांची वेबसाईट बघ. हितं लिवलंय. सर्पदंशावरची लस, उपलब्ध. चोवीस तास."

मी बघितलं. अकरा आरोग्य केंद्रांचा तक्ता होता. सातवी ओळ उंबरमळ्याची. तो तक्ता मी केला होता. उन्हात पडदा नीट दिसत नव्हता, मी हाताची सावली केली, आणि सातव्या ओळीतला 'उपलब्ध' हा शब्द दिसल्याबरोबर मला माझ्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाखाली माउसचं बटण जाणवलं. दाबून धरलेलं. खाली ओढलेलं. मी म्हणालो, "कुणीतरी चुकीचं भरलं असंल." माझ्या तोंडून 'कुणीतरी' असं गेलं. विचार करून नाही गेलं. पण गेलं, आणि दहा-बारा माणसांनी ते ऐकलं. रविराज म्हणाला, "तुमचा काय दोष आबा. वरून आलं तसं तुमी चढवलं." मग मोबाईल खिशात घालताना तो हळू बोलला, मला एकट्यालाच ऐकू जाईल असं. "म्होरं नंबर व्हता. मी फोन लावून बघायला पायजे व्हता. लिवलंय म्हनून मी लावला न्हाई."

मी ज्या कार्यालयात कारकून आहे त्याचं नाव इथं लिहीत नाही. चूक कार्यालयाची नाही. दोन वर्षांपूर्वी ठरावीक दिवसांत वेबसाईट नवी करायचं काम आलं आणि ते माझ्याकडं दिलं, कारण टायपिंग मला चांगलं यायचं आणि मी कटकट करत नाही असं अनुपमा मॅडमचं मत होतं. अनुपमा मॅडम आमच्या साहेब. मला काम आवडलं होतं हे खरं आहे. वीस वर्षं मी खिडकीत बसून लोकांना उद्या या, परवा या म्हटलं होतं, आणि आता तेच लोक घरात बसून बघणार होते की साहेब कधी आहेत आणि अर्जाला काय काय जोडायचं. आमच्या खात्याचं झालं, मग बाकीच्या खात्यांचीही माहिती एका ठिकाणी द्या असं आलं. शेती, रेशन, जनावरांचा दवाखाना, माणसांचा दवाखाना. प्रत्येकाचा एक तक्ता. तक्त्यात जो रकाना रिकामा राहील तो आपोआप लाल दिसायचा आणि दर सोमवारच्या आढाव्यात एकच विचारलं जायचं, कुणाकडं किती लाल उरलं. आरोग्य केंद्रांच्या तक्त्यात लसीचा रकाना अकरा ठिकाणी लाल होता. मी फोन लावायला बसलो होतो. पहिला तालुक्याच्या गावच्या रुग्णालयाला. त्यांनी उचलला, लस आहे म्हणाले. दुसरा वाजून वाजून बंद झाला. तिसरा नंबर एका पंक्चरवाल्याचा निघाला. चौथ्या ठिकाणी एक बाई म्हणाल्या, डॉक्टर नाहीत, उद्या विचारा. साडेपाच वाजले होते. शीटमध्ये एका चौकटीत शब्द लिहिला की तिच्या कोपऱ्यात एक बारीक ठिपका दिसतो, तो माउसनं धरून खाली ओढला की तोच शब्द खालच्या सगळ्या चौकटींत उतरतो. आमच्याकडं सगळे हे करतात. तालुक्याचं नाव, जिल्ह्याचं नाव, पिन कोड, सगळं असंच ओढतात. मी पहिल्या ओळीत 'उपलब्ध' लिहिलं आणि अकराव्यापर्यंत ओढलं. मग शेजारच्या रकान्यात 'चोवीस तास' लिहिलं आणि तेही ओढलं. लाल गेलं. उद्या फोन करून खरं-खोटं बघू असं मनात होतं. ते मनात होतं एवढं नक्की आठवतं. दुसऱ्या दिवशी दुसरा तक्ता होता.

आमच्या कार्यालयाचा त्या कामात दुसरा नंबर आला. एक प्रमाणपत्र मिळालं, त्याची फ्रेम मॅडमच्या खोलीत आहे. घरी मी मुक्ताच्या मोबाईलवर वेबसाईट उघडून दाखवली तेव्हा ती भाकऱ्या करत होती. पिठाचा हात लांब धरून तिनं मान वाकडी करून बघितलं आणि म्हणाली, "वीस वर्सं तुमी हापिसात काय करता ते मला कळत नव्हतं. लोकं इचारायची, तुमचं मालक काय करतात, तर मी म्हनायची, बसतात. आता दाखवायला तरी झालं." सातवी शिकली होती ती. अक्षराखाली बोट ठेवून वाचायची. पण चार दिवसांत तिला सगळं कुठं काय आहे ते पाठ झालं. वस्तीवरच्या बायका यायच्या, "मुक्ताबाई, बघा की, तलाठी कवा हाय," आणि ती उंबऱ्यात बसून मोबाईल लांब धरून वाचून दाखवायची, जरा मोठ्या आवाजात, आत मला ऐकू यावं म्हणून. "आमच्या ह्यांनी लिवलंय" असं शेवटी म्हणायची. एकदा तिनं तो दवाखान्यांचा तक्ता बघितला. लसीचा रकाना बघून तिला बरं वाटलं, उसात कायम सापाची भीती असते. मग म्हणाली, "अहो, ह्या समद्या ठिकानी तुमी फोन लावला व्हता?" मी पेपर वाचत होतो. म्हणालो, "लावला की." "समद्यांनी उचलला?" "हो." ती हसली. "सरकारी फोन अकरा जागी उचलला म्हंजी नवलच हाय बाई." आणि मोबाईल बंद करून ती शेळ्यांकडं गेली. एवढंच झालं. मी पेपरमधून डोकंही वर केलं नव्हतं. आता त्या पेपरात काय होतं ते आठवायचा मी प्रयत्न करतो, आणि काही आठवत नाही.

दहाव्याला तिची आई आली होती, साखरबाई, शिरूर तालुक्यातून. पंच्याहत्तरीची बाई, वाकलेली, पण जीभ सरळ. अंत्यविधीच्या दिवशी आली तेव्हा ती नुसती रडली होती. दहाव्याच्या जेवणानंतर तिनं रविराजला समोर बसवलं आणि म्हणाली, "आरं, म्हशीला काय झालं तर आपन चार जनांना इचारतो. आईला घेऊन जाताना त्या डबड्याला इचारलंस व्हय? त्यात काय डाक्टर बसलाय का?" रविराज बसल्या जागी हाताला येतील त्या पत्रावळी गोळा करायला लागला. ती म्हणाली, "पाव्हणं, तुमी तरी सांगा त्याला." सगळे माझ्याकडं बघायला लागले. माझ्या तोंडात पाणी होतं, ते गिळलं. मी म्हणालो, "जाऊ द्या मामी. तिचं तेवढंच आयुष्य होतं." रविराजनं माझ्याकडं बघितलं. त्याला वाटलं मी त्याला सांभाळून घेतलं. त्याचे डोळे भरून आले आणि त्यानं मान खाली घातली. तोपर्यंतचं सगळं मला एखादवेळी माफ झालं असतं, त्या नजरेनंतरचं नाही.

मी उंबरमळ्याला गेलो ते पंधराव्या दिवशी. कशाला गेलो हे मला नीट सांगता येणार नाही. रजा होती आणि घरात बसवत नव्हतं. ज्ञानदेवची गाडी ज्या रस्त्यानं गेली असेल त्याच रस्त्यानं गेलो. केंद्र उघडं होतं. पिवळ्या भिंती, बाहेर एक सिमेंटचं बाकडं, आत सिस्टर एकट्याच लहान मुलांच्या लसीच्या कार्डांवर काहीतरी लिहीत होत्या. मी कोण ते सांगितलं नाही. सर्पदंशाची लस आहे का एवढं विचारलं. त्या लगेच उभ्या राहिल्या. "कुणाला चावलंय? कुठं हाय पेशंट?" मी म्हणालो, पेशंट नाही, नुसतं विचारतोय. तेव्हा त्या खाली बसल्या आणि म्हणाल्या, "न्हाई भाऊ. कधीच नव्हती हितं. लहान केंद्र हाय, आमी दौंडाला पाठवतो." मग म्हणाल्या, "मोबाईलवर हाय म्हनून लिवलंय म्हनं कुणीतरी. त्याच्यापायी एक बाई गेली मागच्या पंधरवड्यात." मी विचारलं, तुम्ही होता का. त्या म्हणाल्या, "मीच व्हते. डॉक्टर ट्रेनिंगला. त्या बाई गाडीत म्होरं बसल्या व्हत्या. पोरगा डॉक्टरच्या क्वार्टरकडं पळाला, गाडीवाला रुग्णवाहिकेला फोन लावत पार फाटकाच्या भायेर गेला, रेंज न्हाई हितं. मी सांगितलं, ताई, लस न्हाई, वेळ घालवू नका. तर त्या म्हनल्या, असं कसं सिस्टर, आमच्या मालकांनी समद्या ठिकानी फोन लावून लिवलंय, तुमी आत नीट बघा." सिस्टर कार्डांचा गठ्ठा एकसारखा करत होत्या. "रागावल्या न्हाई हो. मलाच धीर देत व्हत्या. तुमी नव्या असाल, म्हनल्या, तुम्हाला ठावकं नसंल, फ्रिजमध्ये मागच्या बाजूला बघा. मी दोनदा आत जाऊन आले. पेशंटचं मन राखावं म्हनून. दुसऱ्यांदा आले तवा त्या मालकाला फोन लावते म्हनत व्हत्या. लागला न्हाई वाटतं."

लागला होता. तीन वाजून एक्केचाळीस मिनिटांनी. रेंज नाही म्हणतात तिथं, पण लागला होता. मी बाहेर येऊन बाकड्यावर बसलो. समोरच्या झाडाखाली गाडी वळवल्याच्या खुणा असतील का बघितलं, पंधरा दिवसांत कुठल्या राहणार. तिला काय विचारायचं होतं ते आता मला माहीत होतं. अहो, फ्रिजमध्ये कुठं असती ती? एवढंच. आणि मी उचलला असता तर मी म्हणालो असतो, मुक्ता, मी फोन लावला नव्हता, तू दौंडला जा. म्हणालो असतो का? हे मी स्वतःला रोज विचारतो. सभागृहात चार माणसांत बसून, बायको दवाखान्याच्या दारात असताना, मी खरं बोललो असतो का, की म्हणालो असतो, सिस्टरला नीट बघायला सांग? पेपरमागून 'लावला की' म्हणणारा माणूस मीच आहे. 'कुणीतरी' म्हणणाराही मीच. मला खात्री देता येत नाही.

कामावर गेलो त्या दिवशी मॅडमनी बसायला सांगितलं, पाणी मागवलं. मी म्हणालो, आरोग्याचा तक्ता दुरुस्त करायचा आहे. त्या म्हणाल्या, आरोग्य खात्याकडून पत्र मागवू, ते आलं की बदलू, नाहीतर जबाबदारी आपल्यावर येते. मी म्हणालो, पत्र येईपर्यंत मी जाऊन येतो. अकरा ठिकाणी जायला मला आठ दिवस लागले. आधी फोन करत होतो, पण फोनवर हो म्हणालेलं मला पुरेना, मग गाडी काढून जायचो, फ्रिज उघडायला लावायचो, शिशीवरची तारीख बघायचो. एका ठिकाणी शिपाई म्हणाला, "काय भाऊसाहेब, इन्स्पेक्शन निघालं काय? आधी कळवलं असतं तर चहा तरी ठेवला असता." अकरापैकी चार ठिकाणी लस होती. चोवीस तास फक्त दोन ठिकाणी. मी नवा तक्ता केला. प्रत्येक ओळ वेगळी टाइप केली, माउसला हात लावला नाही. शेवटी एक नवा रकाना घातला, कुणी आणि कधी बघितलं त्याचा. सातव्या ओळीत लिहिलं, 'लस नाही. थांबू नये. थेट दौंडला जावे.' दुरुस्तीच्या फॉर्मवर कारणाची जागा असते. तिथं मी लिहिलं, 'आधीची माहिती न विचारता भरली होती.' मॅडमनी ते वाचलं. मग विचारलं, "आधी कुणी भरली होती, पोपटराव?" मी म्हणालो, "मी." त्यांना उंबरमळा माहीत होता, मुक्ता कुठं गेली होती ते सगळ्या कार्यालयाला माहीत होतं. त्यांनी पेन उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. "आणि मी सही केली होती," त्या म्हणाल्या. सही करताना त्यांनी फक्त एक विचारलं. "घरी माहीत आहे?" मी नाही म्हणालो. त्यांनी कागद माझ्याकडं सरकवला.

रविराज कामावर जात नाही. बाराव्यानंतर आठवडाभर जाऊन आला, मग कंपनीनंच परत पाठवला. सुपरवायझर हिंदीत बोलतो, त्याचा मला फोन आला, लडका अच्छा है पर बहुत स्लो हो गया. मशीनवरचा आकडा तीन तीनदा बघतो, खरा आहे का म्हणून शेजारच्या माणसाला विचारतो, माल अडकून राहतो. घरी आल्यापासून त्यानं मोबाईल बंद करून तांदळाच्या डब्याशेजारी ठेवलाय. गावातली पोरं ये म्हणतात, जात नाही. परवा किराण्याच्या दुकानात बिस्किटांच्या पुड्यावरची तारीख बघत तो इतका वेळ उभा राहिला की दुकानदार म्हणाला, "रविराज, वाचतोस का पाठ करतोस?" तो पुडा ठेवून घरी आला. मला म्हणाला, "आबा, लिवल्यालं बघितलं की माझ्या पोटात कळ येती." एवढं तो एका वेळी क्वचित बोलतो. मी तिथंच होतो, त्याच्यापासून दोन हातांवर, आणि मी म्हणालो, "हळूहळू जाईल."

काल रविवार होता. दुपारी त्याला गाडीच्या हँडलला ती पिशवी सापडली. इतके दिवस ती तिथंच होती, मी बघत होतो आणि काढत नव्हतो. रबर हातात धरून तो म्हणाला, "ह्ये कवा आनलं?" मी म्हणालो, "त्याच दिवशी. आईनं सांगितलं होतं." त्यानं ते उलटून पालटून बघितलं. "पाच लिटरचंच हाय का?" मी म्हणालो, "बघ बसवून." तो आत गेला, माळ्यावरून कुकर काढला, झाकणाला रबर बसवलं. बसलं. मग त्यानंच डाळ धुतली, पाणी घातलं, आणि आम्ही दोघं स्वयंपाकघरात पाटावर बसलो. ती गेल्यापासून घरात कुकर लागला नव्हता. पहिली शिटी झाली तेव्हा दोघंही दचकलो आणि तो थोडा हसला. त्या हसण्यात तो मुक्तासारखा दिसतो, वरचा ओठ एका बाजूला जातो. मी म्हणालो, "रविराज." तो म्हणाला, "काय आबा?" मी सगळं जुळवून ठेवलं होतं. पहिल्यांदा ठिपक्याचं सांगायचं, मग ओढलं ते, मग तिनं विचारलं होतं ते, मग सिस्टरचं. दुसरी शिटी झाली. तो माझ्याकडं बघत होता, वाट बघत. मागच्या महिनाभरात कुणाकडं तरी त्यानं इतकं सरळ बघितलं ते तेवढंच. तिसरी झाली. मी म्हणालो, "बंद कर. डाळ लागेल."

त्यानं उठून गॅस बंद केला.

सातवी ओळ बदलून आज दहा दिवस झाले. नव्या रकान्यात माझं नाव आणि तारीख आहे, ती कुणालाही मोबाईलवर बघता येते. रविराजला मी अजून सांगितलेलं नाही.